खांद्यावरून गळ्यात: तालुक्याच्या स्टुडिओतला कॅमेरा

तुळशीचं लगन लागलं की दारव्हा, आर्णी, वरूड अशा गावांतल्या फोटो स्टुडिओंत एकच विषय निघतो. ‘भाऊ, या सीझनले कोणता घ्याचा?’ जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला फोटोचा कॅमेरा, विकून बिनआरशाचा मिररलेस घ्यावा, की तेवढ्याच पैशात दोन लेन्स आणि चार बॅटऱ्या? वाद नव्या मॉडेलांचा वाटतो, पण त्याच्या मुळाशी बऱ्याच जुन्या गोष्टी आहेत.

रोलच्या काळात स्टुडिओची शान म्हणजे याशिका मॅट. एकाखाली एक दोन लेन्स, वरून डोकं खाली घालून बघायचं, आणि काचेवर डावं-उजवं उलटं दिसायचं. 120 च्या रोलवर फोटो बाराच. दोन रोलांत अख्खं लग्न बसवायचं म्हणजे कुणाचा फोटो काढायचा यापेक्षा कुणाचा नाही, हे ठरवणं कठीण. मामा रुसला तर फोटोग्राफर जबाबदार! कृष्णधवल फोटो मागच्या अंधाऱ्या खोलीत धुऊन व्हायचे, रंगीत रोल मात्र नागपूर-अमरावतीच्या लॅबला जायचा. मग 35 मिलिमीटरचा, 36 फोटोंचा रोल आला आणि हात सैल सुटला.

व्हिडिओची वाट टीव्हीने करून दिली. 1982 साली दूरदर्शन रंगीत झालं, पुढे व्हीसीआर गावोगाव भाड्याने फिरू लागला आणि लग्नाची ‘शूटिंग’ ही मानाची बाब झाली. व्हीएचएसचे कॅमेरे अंगाने मोठेच होते, कारण कॅसेटच मोठी. पुढे बोटभर मिनीडीव्ही कॅसेट आली, तरी पॅनासॉनिकच्या एमडी-10000 चं धूड खांद्यावरचंच राहिलं. सोनीने 2007 मध्ये आणलेल्या एचव्हीआर-एचडी1000 च्या पोटात तर बरंचसं घरगुती हँडीकॅमचंच सामान होतं, वरचं कवच तेवढं ऐटदार. याला मी फसवणूक म्हणणार नाही. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते दिसणाऱ्या कॅमेऱ्याचे. गळ्यात छोटा कॅमेरा अडकवून मांडवात गेलेल्याला ‘शूटिंगवाला आला नाही काय अजून?’ असं त्याच्याच तोंडावर विचारलेलं मी ऐकलं आहे.

त्या कॅमेऱ्यांना उजेड फार लागायचा. म्हणून सोबत हजार वॅटचा हॅलोजन, तो उंच धरणारा एक पोट्टा आणि मांडवभर फिरणारी वायर. मे महिन्यातल्या लग्नात त्या फोकससमोर उभी राहिलेली नवरी खरोखर रडते आहे की डोळ्यांत घाम गेला, हे कॅसेट पाहूनही कळत नसे. त्यात भारनियमनाची वर्षं. लाईट गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत शूटिंग ठप्प. अंधारातही बरं दिसणारा कॅमेरा इथे लोकांनी उचलून धरला, तो या वायरीच्या जाचातून सुटण्यासाठी.

तशी सुटका 2008 मध्ये दिसली. ऑगस्टमध्ये निकॉनचा डी90 आला, व्हिडिओ काढणारा पहिला डीएसएलआर. पाठोपाठ कॅननचा फाईव्ह-डी मार्क टू, फुल एचडी. पण तो सुरुवातीला सेकंदाला 30 फ्रेमच, म्हणजे 30 चित्रंच, घ्यायचा. आपल्याकडचा व्हिडिओ पाल पद्धतीचा, 25 फ्रेमचा. जुन्या कॅमेऱ्याच्या शूटिंगशी त्याची एडिटिंगमध्ये सांगड बसेना. मार्च 2010 च्या फर्मवेअरने, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, 25 फ्रेम मिळाल्या, तेव्हा कुठे तो आपल्या कामाचा झाला. आपली वीज 50 हर्ट्झची, ट्यूबलाईट सेकंदाला 100 वेळा लुकलुकते, म्हणून शटर 1/50 सेकंदावर ठेवायचं, हा धडा नव्या पोराला आजही पहिल्या दिवशी मिळतो.

दुसरी अडचण युरोपातून आली. तिथल्या जकातीत 30 मिनिटं सलग रेकॉर्ड करणारा कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा आणि त्यावर जास्त शुल्क बसायचं. म्हणून कंपन्यांनी 29 मिनिटं 59 सेकंदांवर कुलूप घातलं. त्या शुल्कापायी इथे सप्तपदीच्या मध्येच कॅमेरा बंद पडायचा. नंतरच्या अनेक मॉडेलांत ही अट गेली, पण विधी पूर्ण टिपायला एक साधा व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर लावून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

आता मिररलेस. सोनीचा ए7 थ्री 2018 मध्ये आला, तो 2280 एमएएचची बॅटरी घेऊन. आधीची 1020 ची होती. ही बॅटरी नसती तर खेड्यात सोनीला कुणी विचारलं नसतं, असं माझं मत. उन्हाचं मात्र अवघड आहे. कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराचं तापमान बहुधा 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा मे 45 च्या पुढे जातो. 2020 चा कॅननचा आर-फाईव्ह आला तेव्हा 8के या सर्वांत बारीक व्हिडिओत 23 अंशांतही सुमारे 20 मिनिटंच चालायचा, हे कॅननचेच आकडे. आपल्या मांडवात काय होईल ते ओळखा. दोन विधींच्या मध्ये कॅमेरा कूलरसमोर ठेवणं आणि उन्हात त्यावर पांढरा दुपट्टा टाकणं हा इथला रिवाज आहे.

उरला लेन्सचा हिशेब, आणि खरा पैसा तिथेच अडकतो. निकॉनचा एफ माउंट, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स अडकवायची जागा, 1959 चा, त्यामुळे वडिलांची लेन्स मुलाच्या डीएसएलआरवर बसली. मिररलेसच्या नव्या झेड माउंटवर ती एफटीझेड अडॅप्टरने बसते, पण 50 मिलिमीटर 1.8डी सारख्या जुन्या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, कारण तो फिरवणारी मोटर जुन्या कॅमेऱ्याच्या अंगात होती. कॅननने 1987 मध्येच ईएफ लेन्समध्ये मोटर घातली, म्हणून त्या आज कॅननच्या मिररलेसच्या आरएफ माउंटवर अडॅप्टरने सुरळीत चालतात. तेव्हा ‘कोणता घेऊ’ असं कुणी विचारलं की जाणता दुकानदार आधी म्हणतो, ‘बॅग उघड, लेन्स दाखव.’