जुन्या मापाची नवी गिटार: स्ट्रॅटोकास्टर रिइश्यूची पार्श्वभूमी

‘५७ स्ट्रॅट’ किंवा ‘६२ स्ट्रॅट’ या नावाने कोरी करकरीत इलेक्ट्रिक गिटार विकत मिळते. स्ट्रॅट म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीची स्ट्रॅटोकास्टर. नावातलं साल ती ज्या जुन्या गिटारीवर बेतली आहे, तिचं. अशा गिटारीला रिइश्यू म्हणतात. आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये रिइश्यूंचा वेगळा विभाग असतो, त्यामुळे ही प्रथा फार जुनी असेल असं वाटतं. पण फेंडर कंपनीने या कामात नीट हात घातला तो १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तोही अडचणीत आल्यावर. आपल्याच जुन्या गिटारी कशा बनत होत्या, हे मधल्या काळात कंपनी विसरून गेली होती. जपानमधल्या कारखान्यांनी मात्र ते बारकाईने शिकून घेतलं होतं. माझ्या मते रिइश्यूच्या इतिहासातली खरी गोष्ट हीच आहे.

कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांचा मूळ धंदा रेडिओ दुरुस्तीचा. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांनी दुकान टाकलं. तिथून अॅम्प्लिफायर, मग स्टील गिटार आणि १९५० मध्ये भरीव लाकडाची, सपाट बॉडीची इलेक्ट्रिक गिटार, असा प्रवास झाला. तीच पुढे टेलिकास्टर म्हणून प्रसिद्ध झाली. लिओंना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. म्हणून ते वाजवणाऱ्यांचं ऐकायचे, आणि त्यातूनच पुढची गिटार घडली. टेलिकास्टरच्या कडा बरगड्यांत रुततात, अशी वादकांची तक्रार होती. बिल कार्सनसारखे वादक सूचना करत होते आणि फ्रेडी टवारेस आकार कागदावर उतरवत होते. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली ती पाठीमागे पोटाशी खोलगट, कोपराखाली उतरती, तीन पिकअपची (तारांचं कंपन टिपणारी चुंबकी यंत्रणा) आणि स्प्रिंगांवर हलणाऱ्या ब्रिजची (तारा जिथे टेकतात तो भाग). या हलत्या ब्रिजसकट, म्हणजे ट्रेमोलोसकट, किंमत २४९.५० डॉलर.

पुढच्या दहा वर्षांत ही गिटार थोडी थोडी बदलत गेली. ‘५७’ आणि ‘६२’ ही सालं निवडण्यामागचं कारण या बदलांतच आहे. सुरुवातीला बॉडी अॅश लाकडाची होती, १९५६ पासून बहुतेक रंगांसाठी आल्डरचं लाकूड आलं. नेक, म्हणजे गिटारीची दांडी, सबंध मॅपलची, आणि १९५७ च्या सुमारास तिची पाठ हाताला टोकदार लागेल अशी घडवलेली. मॅपलच्या फ्रेटबोर्डवरचं (तारा दाबायची नेकची पुढची बाजू) लॅकर बोटांनी झिजून लाकूड काळवंडायचं, म्हणून १९५९ मध्ये रोझवूडचा फ्रेटबोर्ड आला. आधी तो जाड, सपाट तळाच्या फळीचा होता. १९६२ च्या मध्यानंतर खालून गोलाई दिलेला पातळ थर वापरला जाऊ लागला. रंग ड्यूपाँ कंपनीचे, मोटारींसाठी बनवलेले. त्यातला नायट्रोसेल्युलोज लॅकरचा पातळ थर वर्षानुवर्षं पिवळा पडत जातो आणि त्याला बारीक चिरा जातात.

जानेवारी १९६५ मध्ये लिओंनी प्रकृतीच्या कारणाने कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीला विकली, १.३ कोटी डॉलरना. त्याच वर्षाअखेरीस हेडस्टॉक, म्हणजे नेकच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, मोठा झाला. मग लॅकरच्या जागी जाड पॉलिएस्टरचा थर आला. १९७१ मध्ये नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर बसू लागली. कल्पना वाईट नव्हती, नेकचा कोन बाहेरूनच बदलता येत होता. पण नेक बसवायची बॉडीतली खाच सैल कापली गेली की नेक बाजूला सरकायची. तेव्हा सीबीएसच्या काळातलं सगळंच टाकाऊ होतं का? तसं म्हणणं अन्यायाचं ठरेल. १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात जिमी हेंड्रिक्सने वाजवलेली पांढरी स्ट्रॅट सीबीएसच्याच काळातली होती. तरीही सत्तरच्या दशकात उत्पादन वाढत गेलं आणि कामातला नेमकेपणा घसरत गेला, हे खरं.

वादकांनी मग जुन्या गिटारी शोधायला सुरुवात केली. १९७० मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून पन्नासच्या दशकातल्या काही स्ट्रॅट अगदी स्वस्तात उचलल्या. तीन मित्रांना वाटल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग जोडून स्वतःसाठी एक काळी गिटार बनवली. ‘ब्लॅकी’ नावाने ओळखली जाणारी ती गिटार २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरना गेली. सत्तरच्या दशकात जुन्या गिटारींचे खास व्यापारी उभे राहिले आणि सेकंडहँड मालाला ‘व्हिंटेज’ म्हणायची पद्धत रुळली.

ही मागणी सगळ्यात आधी जपानने ओळखली. हामामात्सुची टोकाई आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनणारी ग्रेको यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जुन्या स्ट्रॅटच्या हुबेहूब प्रती काढल्या. लहान हेडस्टॉक, चार स्क्रूंची नेक, जुन्या आकाराची बॉडी, सगळं जागच्या जागी. टोकाईने तर हेडस्टॉकवरचं आपलं नाव अशा वळणाने लिहिलं की चार हातांवरून ते ‘फेंडर’च वाटावं. यात नक्कल होती, आणि त्याबद्दल फेंडरचा राग रास्तच होता. पण फुलर्टनमध्ये त्या वेळी बनणारी स्ट्रॅट आणि ही नक्कल शेजारी ठेवली, तर १९६२ च्या गिटारीच्या जास्त जवळ जाणारी नक्कलच होती.

१९८१ मध्ये सीबीएसने यामाहाच्या अमेरिकी कंपनीतून बिल शुल्ट्झ, डॅन स्मिथ यांच्यासारखी माणसं आणली. जुन्या मॉडेलांवरचं काम टवारेस यांनी आधीच सुरू केलं होतं. नव्या मंडळींनी ते पुढे रेटलं. जुन्या गिटारींच्या एका व्यापाऱ्याकडे जाऊन त्यांनी मापं घेतली, फोटो काढले, रंग तपासले. ज्या कंपनीने या गिटारी बनवल्या, तिचीच माणसं दुसऱ्याच्या दुकानात टेप घेऊन उभी होती! १९८२ मध्ये ‘५२ टेलिकास्टर’, ‘५७ स्ट्रॅटोकास्टर’ आणि ‘६२ स्ट्रॅटोकास्टर’ अशा तीन अमेरिकन रिइश्यू जाहीर झाल्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या जपानी कंपन्यांबरोबर भागीदारीत ‘फेंडर जपान’ निघाली. गिटारी बनवण्याचं काम गेलं फुजिगेनकडे, म्हणजे आजवर नक्कल करणाऱ्या कारखान्याकडेच. यातल्या ‘जेव्ही’ क्रमांकाच्या गिटारी युरोपात स्क्वायर नावाने गेल्या. स्क्वायर ही मुळात मिशिगनमधली तारा बनवणारी कंपनी, फेंडरने ती साठच्या दशकात घेतली होती. पुढे हे नाव फेंडरच्या स्वस्त गिटारींना मिळालं, म्हणून जेव्ही स्क्वायरलाही लोक कमी लेखतात. हातात घेतल्यावर मत बदलतं.

रिइश्यू किती काटेकोर असावी, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि तो छोट्या छोट्या भागांवरून होतो. पिकअपमधली सहा चुंबकं पाहा. त्यांची उंची सारखी नसते, तिसऱ्या तारेखालचं चुंबक चांगलंच वर आलेलं असतं. पन्नासच्या दशकात ती तार वेढ्याची (वर दुसरी तार गुंडाळलेली), जाड असे आणि तिचा आवाज कमी पडे, म्हणून ही उंची. आज जवळपास सगळेच तिथे साधी तार लावतात, त्यामुळे तीच तार इतरांपेक्षा मोठ्याने वाजते. तरीही रिइश्यूमध्ये चुंबक जुन्याच उंचीवर ठेवलं गेलं. पिकअप निवडायच्या खटक्याचीही अशीच कथा. मूळ खटका तीन जागांचा होता. तो दोन जागांच्या मध्ये अडकवला की दोन पिकअप एकत्र वाजतात आणि पोकळ, किंचित नाकातला आवाज येतो, हे वादकांनी स्वतःच शोधून काढलं. फेंडरने पाच जागांचा खटका दिला तो १९७७ मध्ये. रिइश्यू स्ट्रॅटमध्ये तीनचा खटका बसवलेला आणि पाचचा पेटीत सुटा दिलेला असे. ही सोय मला अतिशय समंजस वाटते. फ्रेटबोर्डच्या गोलाईचं मात्र असं भागत नाही. जुनी त्रिज्या ७.२५ इंचांची, म्हणजे गोलाई जास्त. वरच्या फ्रेटांवर (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार जोरात खेचली की ती पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर तिथेच मरतो. फेंडरने यावर दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत: २०१८ च्या ‘अमेरिकन ओरिजिनल’मध्ये ९.५ इंच, आणि २०२२ च्या ‘अमेरिकन व्हिंटेज टू’मध्ये पुन्हा ७.२५.

लाकडाच्या बाबतीत मूळ मापाला चिकटून राहणं हातात उरलेलं नाही. सुरुवातीच्या गिटारींवर ब्राझिली रोझवूड होतं; १९९२ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे. त्याची जागा घेतली भारतीय रोझवूडने, म्हणजे आपल्या शिसवीने. सह्याद्रीत वाढणारं आणि जुन्या वाड्यांतल्या शिसवी कपाटांचं जे लाकूड, त्याच जातीचा फ्रेटबोर्ड ‘६२’ नावाच्या अमेरिकन गिटारीवर असतो. २०१७ मध्ये या जातीच्या व्यापारावरही परवान्याचं बंधन आलं. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस.

१९८५ मध्ये शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १.२५ कोटी डॉलरना कंपनी सीबीएसकडून विकत घेतली. या व्यवहारात फुलर्टनचा कारखाना नव्हता. काही काळ अमेरिकेतलं उत्पादन जवळजवळ थांबलंच आणि फेंडरचं नाव जपानी गिटारींनी तगवलं. मग कोरोना गावात नवा कारखाना सुरू झाला आणि रिइश्यू तिथे बनू लागल्या.

त्यामुळे १९८२ ते १९८५ मधल्या फुलर्टनच्या रिइश्यू संख्येने थोड्या आहेत, आणि आता त्या स्वतःच संग्राहकांच्या यादीत जाऊन बसल्या आहेत. घेताना एक लक्षात ठेवावं. नेकप्लेटवरचा (नेक जोडणाऱ्या स्क्रूंखालची धातूची पट्टी) ‘व्ही’ने सुरू होणारा क्रमांक पाहून साल ठरवू नये. हे क्रमांक तारखेच्या क्रमाने दिलेले नाहीत, शिवाय प्लेट चार स्क्रू काढले की बदलता येते. विकणाऱ्याला नेक उतरवायला सांगावं आणि तिच्या टाचेवरची (बॉडीत बसणारं टोक) तारीख वाचावी.