बटण दाबलं, पण तेलाने अडवलं

1957 सालच्या, टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्या क्रायस्लरच्या प्लिमथ गाडीमध्ये गिअरचा दांडा शोधूनही सापडत नाही. स्टिअरिंगच्या डावीकडे डॅशबोर्डवर पाच बटणं असतात: रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह, दोन आणि एक. कुठलंही बटण दाबलं की आधीचं खटकन बाहेर येतं. क्रायस्लर कंपनीने 1956 ते 1964 या मॉडेलवर्षांत आपल्या ऑटोमॅटिक गाड्यांना अशी बटणं दिली. बटणामागे ना वायर, ना मोटर. फक्त एक पोलादी केबल थेट गिअरबॉक्सपर्यंत गेलेली.

मग भरधाव गाडीत चुकून रिव्हर्सचं बटण दाबलं गेलं तर? उत्तर गिअरबॉक्समधल्या तेलात आहे, आणि मला ते फार सुंदर वाटतं. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर गव्हर्नर नावाची छोटी वजनं फिरतात. गाडीचा वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि त्यांच्यामुळे तेलाचा एक दाब वाढत जातो. म्हणजे वेग किती आहे, हे तेलालाच कळतं! ताशी साधारण 10 मैलांच्या पुढे हा दाब एका व्हॉल्व्हला ढकलतो आणि रिव्हर्सकडे जाणारी तेलाची वाट बंद होते. बटण आत जातं, पण गाडी नुसती न्यूट्रलमध्ये येते. वेगात ‘एक’ दाबलं, तरी वेग उतरेपर्यंत पहिला गिअर पडत नाही. संगणकाची चिप जन्मायच्या आधीची ही राखण आहे.

पण इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि तेलाचा दाबही जातो. उभी गाडी धरून ठेवायला लोखंडच लागतं, आणि सुरुवातीच्या या गाड्यांना ‘पार्क’, म्हणजे पोलादी दात खाचेत बसवून गाडी अडकवून ठेवणारी सोय, नव्हतंच. भिस्त सगळी हँडब्रेकवर. तो चाकांवर नाही, तर गिअरबॉक्सच्या मागे, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर होता. पंक्चर काढायला मागचं एक चाक जॅकवर उचललं, की डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, ते मोकळं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं सुलटं. दांडा जागेवर पक्का, तरी गाडी घरंगळते.

फोर्डने 1958च्या एडसेलमध्ये बटणं थेट स्टिअरिंगच्या मधोमध बसवली, आणि ‘पार्क’ही दिलं. गिअर बदलायचं काम विजेची मोटर करी. उतारावर गाडीचा सगळा भार पार्कच्या खाचेतल्या दातावर आला, की तो उपसून काढायला मोटरची ताकद कमी पडे. म्हणून आधी हँडब्रेक ओढायचा आणि मगच पार्क दाबायचं. शिवाय हॉर्नसाठी सवयीने हात मध्ये गेला, की बोटाखाली गिअरचं बटण! ही सोय वर्षभरातच गेली.

क्रायस्लरने 1960च्या दशकाच्या सुरुवातीला बटणांशेजारी पार्कचा वेगळा छोटा दांडा दिला. तो सरकवला की दाबलेलं बटण सुटायचं आणि पोलादी दात खाचेत बसायचा. त्यातही कुठे मोटर नव्हती. जोर चालकाच्या हाताचाच.