कॉन्टॅक्ट लेन्स व लेसर दृष्टिसुधारणा : ग्रामीण विदर्भातील वैद्यकीय संशोधन

चष्म्याला पर्याय ठरणारे हे दोन उपाय कितपत उपयोगी आणि सुरक्षित आहेत, हे प्रत्यक्ष रुग्णांवर तपासणारे संशोधन. दोन्हींचा संबंध कॉर्नियाशी, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याशी येतो. कापूस पट्ट्यात पऱ्हाटीची काडी किंवा मळणीचा भुसा लागून याच पडद्याला बुरशी धरते आणि फूल पडते. त्यामुळे शहरी रुग्णांवरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत.

लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार किंचित बदलतो. म्हणून लेसरआधीच्या मापांसाठी मऊ लेन्स एक ते दोन आठवडे, तर कडक लेन्स तीन ते चार आठवडे आधी बंद करतात. दोन भेटींतली मापे जुळली नाहीत, तर आणखी थांबतात. घाई केल्यास चुकीचा नंबर कोरला जातो. शंकूसारखा पुढे येत चाललेला कॉर्निया, म्हणजे केरॅटोकोनस, नजरेतून सुटू शकतो. ॲलर्जीने सतत डोळे चोळणाऱ्या तरुणांत तो मुद्दाम शोधावा.

लॅसिकमध्ये कॉर्नियाची पातळ झडप उचलून खालचा थर लेसरने झिजवतात. तिचा हिशेब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतो. कॉर्नियाची जाडी ५४० आणि नंबर उणे ५ असेल, तर झडप ११० व लेसरने झिजणारा थर सुमारे ७०; खाली ३६० उरतात. जाडी ४९० आणि नंबर उणे ८ असेल, तर साधारण २६८ उरतात. २५० ची किमान मर्यादा पाळली गेली, तरी एकूण जाडीचा ४५ टक्के भाग खर्ची पडतो, म्हणून असा रुग्ण नाकारणेच योग्य. गुराढोरांत वावरणाऱ्याला शिंग किंवा शेपटी डोळ्याला लागून झडप सरकण्याचा धोका असतो. त्याला झडप न करता पृष्ठभागावरच लेसर मारणारी पीआरके शस्त्रक्रिया बरी, मात्र पहिले तीन-चार दिवस वेदना असतात आणि नंतर काही महिने उन्हापासून डोळे जपावे लागतात.

लेन्सच्या अभ्यासात पाण्याची नोंद हवीच. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात लेन्स धुतल्यास अकँथअमीबा या पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचा कॉर्नियाला संसर्ग होऊ शकतो. डबीतल्या जुन्या द्रावणात नवे ओतणेही घातक. डबी तीन महिन्यांनी बदलतात.

खरी गळती पुनर्तपासणीत होते. पहिला दिवस, आठवडा, मग १, ३, ६ आणि १२ महिने असे वेळापत्रक असते, पण दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू झाली की रुग्ण येत नाहीत. न आलेल्यांचा डोळा बरा झाला की बिघडला, हे कळल्याशिवाय यशाचा टक्का फसवा ठरतो. तारखा बाजाराच्या दिवशी ठेवाव्यात. मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात डोळे कोरडे पडतात, म्हणून अश्रूंचे प्रमाण मोजणारी शिर्मर चाचणी लेन्स व लेसर या दोन्ही गटांत एकाच ऋतूत घ्यावी. एकाच माणसाचे दोन डोळे दोन स्वतंत्र नमुने धरणे ही नेहमीची सांख्यिकी चूक आहे.

संमतिपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्यांना मराठी मसुदा वाचून दाखवणे पुरेसे नाही. निरक्षर रुग्णाच्या अंगठ्याशेजारी, संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही घेतात.