सुपर चीफ की एल कॅपिटन? इंजिन सोडा, खिडक्या बघा

लाल नाक, त्यावर पिवळ्या-काळ्या रेघा, आणि मागे चकचकीत चंदेरी डब्यांची रांग. अमेरिकन मॉडेल रेल्वेचा हा सेट समोर आला की बघणारा लगेच म्हणतो, "अरे, ही सुपर चीफ!" जुने सेट विकणारेही बिनदिक्कत तसंच सांगतात. पण डबे हातात घेऊन नीट पाहिले तर कितीदा तरी ते एल कॅपिटनचे निघतात, नाहीतर दोन्ही गाड्यांची सरमिसळ असते. या गोंधळाची मला खंत वाटते, कारण या दोन गाड्यांत बसणारी माणसं अगदी वेगळी होती आणि तो वेगळेपणा डब्यांवर स्पष्ट लिहिलेला आहे.

आधी घोटाळा कशाने होतो ते सांगतो. दोन्ही गाड्या अमेरिकेतल्या सांता फे या रेल्वे कंपनीच्या. दोन्ही शिकागो ते लॉस एंजेलिस, त्याच रुळांवरून, सुमारे २,२२७ मैल, पावणेचाळीस तासांत. दोन्हींची डिझेल इंजिनंही एकाच रंगातली. जनरल मोटर्समधल्या लेलँड निकरबॉकर यांनी काढलेली ती रंगसंगती 'वॉरबॉनेट' म्हणून ओळखली जाते. वॉरबॉनेट म्हणजे तिथल्या आदिवासी योद्ध्यांचा पिसांचा मुकुट. १९३७ मध्ये ती सुपर चीफच्या इंजिनावर आली आणि नंतर सांता फेच्या इतर प्रवासी गाड्यांवरही चढली. १९४८ मध्ये लायोनेल कंपनीने याच रंगातलं एफ-३ जातीचं डिझेल इंजिन ओ गेज या मोठ्या मापाच्या खेळण्यांत आणलं आणि घराघरांत ते लाल नाक पोचलं. तेव्हा इंजिन बघून गाडी ओळखायला जाऊ नका. त्याच्या मागे काय जोडलंय ते बघा.

सुपर चीफ पहिल्यांदा धावली १२ मे १९३६ ला, तीही जुन्या धाटणीचे जड डबे घेऊन. बड कंपनीने बांधलेले स्टेनलेस स्टीलचे डबे तिला मे १९३७ मध्ये मिळाले. या गाडीत साधी बसायची जागा नव्हतीच; प्रवासाच्या जागा सगळ्या पुलमन स्लीपरमध्ये, म्हणजे पुलमन कंपनी चालवायची त्या झोपायच्या डब्यांत. इथे आपल्या वाचकाने जरा सावध राहायला हवं. आपल्याकडे स्लीपर म्हटलं की डोळ्यांसमोर तीन थरांचे बर्थ आणि खिडकीच्या गजांतून येणारा वारा. सुपर चीफचा स्लीपर म्हणजे आपल्या फर्स्ट एसीच्या कूपेच्याही वरची गोष्ट. तिच्या 'रीगल' मालिकेतल्या डब्यात चार कंपार्टमेंट, चार बेडरूम आणि दोन ड्रॉइंग रूम असायच्या. पंच्याऐंशी फुटांच्या डब्यात एकूण दहा खोल्या आणि जेमतेम बावीस माणसं! हॉलिवूडचे नट-नट्या याच गाडीने ये-जा करायचे.

एल कॅपिटन आली २२ फेब्रुवारी १९३८ ला, पाच डब्यांची. हिच्यात एकही खोली नव्हती, सगळ्या चेअर कार. हा शब्द आपल्याला शिकवायला नको. सांता फेवालेसुद्धा चेअर कारच म्हणत. खोलीचं भाडं परवडत नाही, पण दोन रात्रींत पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोचायचंय, अशा माणसाला त्याच वेगाने, तशाच चंदेरी गाडीतून नेणारी ही गाडी. मला विचाराल तर दोघींत मोठं काम हिचं.

आता मॉडेलचा डबा हातात घ्या आणि खिडक्या बघा. चेअर कारच्या खिडक्या ओळीने, एकसारख्या अंतरावर असतात, आणि डबा फिरवून दुसरी बाजू पाहिली तर तिथेही जवळपास तसंच. स्लीपरचं तसं नसतं. एका बाजूला खोल्या, दुसऱ्या बाजूला पॅसेज. खोलीच्या बाजूच्या खिडक्या खोलीच्या मापाप्रमाणे येतात, म्हणून मधली अंतरं कमीजास्त. पॅसेजच्या बाजूची मांडणी पूर्ण निराळी. चांगल्या मॉडेलमध्ये या दोन बाजू वेगवेगळ्या साच्यांतून काढलेल्या असतात. ज्या 'स्लीपर'च्या दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या दिसतात, तिथे बनवणाऱ्याने एका साच्यात काम उरकलंय असं खुशाल समजा.

खिडक्यांखालची पाटीही वाचा. स्लीपरला नाव असायचं, चेअर कारला नुसता नंबर. १९३७ च्या सुपर चीफच्या डब्यांवर इस्लेटा, लगूना, टाओस, ओराइबी अशी नैर्ऋत्य अमेरिकेतल्या प्युब्लो आणि होपी या आदिवासींच्या गावांची नावं होती. एचओ म्हणजे १:८७ च्या मॉडेलवर ही अक्षरं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची होतात, तेव्हा भिंग जवळ असू द्या.

तिसरी खूण छताची. १९५१ मध्ये सुपर चीफला 'प्लेझर डोम' मिळाला. हा पुलमन-स्टँडर्डने बांधलेला लाउंज डबा. मधोमध काचेचा घुमट, त्यात फिरत्या खुर्च्या, आणि त्याच डब्यात 'टरक्वॉइज रूम' नावाची छोटी खासगी जेवणाची खोली. आपल्या मुंबई-मडगाव मार्गावरच्या विस्टाडोममध्ये डब्याच्या नेहमीच्या उंचीवरच छताला काच असते; इथे घुमट छताच्या वर निघालेला असतो आणि पायऱ्या चढून त्यात बसायचं. सेटमध्ये हा डबा असेल तर सुपर चीफचाच विचार झालाय, हे नक्की.

एल कॅपिटनचं उत्तर आलं १९५६ मध्ये आणि ते खरोखर विलक्षण होतं: बडने बांधलेले हाय-लेव्हल डबे. १९५४ मध्ये दोन डबे नमुन्यादाखल चालवून पाहिले आणि मग सत्तेचाळीस डब्यांचा ताफा आला. कोकण रेल्वेवर धावलेली डबल डेकर आठवा. तिच्यात वर-खाली दोन्हीकडे माणसं बसत. हाय-लेव्हल चेअर कारमध्ये मात्र सगळे प्रवासी वरच्या मजल्यावर, चाकांच्या खडखडाटापासून दूर, आणि खाली सामान आणि स्वच्छतागृहं. चढायचं दार खाली, डब्याच्या मध्यावर; एका डब्यातून दुसऱ्यात जायचं ते वरूनच. जेवणाच्या डब्यात स्वयंपाकघर खाली आणि ताटं लिफ्टने वर. एका डब्यात बहात्तर माणसं, तीही पाय पसरून! त्याच लांबीच्या रीगल डब्यातली बावीस माणसं शेजारी ठेवून बघा.

या डब्यांची उंची साडेपंधरा फूट, साध्या डब्यांची साडेतेरा. एचओमध्ये हा फरक सात मिलिमीटर होतो, एन म्हणजे १:१६० मध्ये जेमतेम चार. ऐकायला कमी वाटतो, पण शेल्फवर दोन डबे शेजारी ठेवले की लगेच डोळ्यांत भरतो. उंच डब्यातून बुटक्यात जाता यावं म्हणून काही चेअर कारच्या एका टोकाला आतून जिना होता. त्यांना 'स्टेप-डाउन' म्हणत. आणि पुढच्या सामानाच्या डब्याच्या छताला मागच्या टोकाशी एक चढती पत्र्याची झूल बसवली होती, केवळ उंचीची पायरी बोचू नये म्हणून. मला या गाडीतली सगळ्यात आवडती गोष्ट तीच. मॉडेल करणाऱ्याने ती झूल विसरली नसेल तर त्याच्या बाकीच्या कामावरही माझा विश्वास बसतो.

मापाबद्दल थोडक्यात. पंच्याऐंशी फुटी डबा एचओमध्ये जवळजवळ तीस सेंटिमीटरचा होतो. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर तो अडतो किंवा बाहेर लोंबतो. चोवीस इंच तरी द्यायला हवेत. म्हणून अॅथर्नसारख्या कंपन्यांनी बहात्तर फुटी मापाचे आखूड डबे काढले, ते साधारण पंचवीस सेंटिमीटरचे. जागा कमी असेल तर खुशाल घ्या, पण खिडक्या मोजून दोन्हींपैकी कुठल्याही गाडीशी ताडायला जाऊ नका, जमणार नाही. रंगाच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये असं मला मनापासून वाटतं. नुसता चंदेरी रंग मारलेला डबा दिव्याखाली राखाडी दिसतो. वॉल्थर्सने काढले तसे मुलामा दिलेले डबे घेतले, तरच डब्याच्या अंगावरच्या आडव्या खाचांवर उजेड स्टेनलेस स्टीलसारखा खेळतो.

एक शेवटची गोष्ट, सरमिसळ झालेल्या सेटची. ती दर वेळी चूक असते असं नाही. १९५८ पासून प्रवासी कमी असलेल्या हंगामात सांता फे या दोन्ही गाड्या जोडून एकच गाडी चालवू लागली. पण तिचा क्रम ठरलेला होता: इंजिनांमागे सामानाचे डबे, मग एल कॅपिटनचे उंच डबे, आणि त्यांच्या मागे सुपर चीफचे स्लीपर आणि प्लेझर डोम. तुमच्याकडे दोन्ही प्रकारचे डबे असतील तर उंच डबे पुढे घ्या, त्यातला शेवटचा स्टेप-डाउन ठेवा, त्याचं जिन्याचं टोक मागे करा आणि तिथे पहिला स्लीपर जोडा.