चिठ्ठीवरचं ‘हलकं काम’ म्हणजे किती किलो?

सिमेंटची गोणी ५० किलोची. कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या सूत्रानुसार सगळं अनुकूल असतानाही उचलण्याची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. ओझं घोट्यांपासून २५ सेंमीऐवजी ५० सेंमी लांब गेलं, की ती निम्मी, म्हणजे साडेअकरा किलो होते. ट्रकच्या फाळक्यावरून वाकून गोणी ओढणाऱ्या हमालाची कंबर का धरते, हे या एका आकड्यात दिसतं.

कंबर धरली की ‘पंधरा दिवस पडून राहा’ हा सल्ला आजही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. १९८६ साली अमेरिकेत काही रुग्णांना दोन दिवस, तर काहींना सात दिवस विश्रांती सांगितली गेली. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे ४५ टक्के कमी झाले आणि बरं होण्यात फरक पडला नाही. पडून राहिल्याने स्नायूंची ताकद जाते, आणि वाकण्याची भीती मनात घर करते ती वेगळीच.

मात्र लघवी अडणं, बैठकीची जागा बधिर होणं किंवा पायातली शक्ती कमी होत जाणं, यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाकी बहुतेकांना एमआरआयची घाई नको: कंबर दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांपैकी सुमारे ६० टक्क्यांच्या मणक्यांमधल्या चकतीला, म्हणजे गादीला, फुगवटा दिसतो. ‘गादी सरकली’ हे शब्द ऐकून घाबरलेला कामगार मग चालायलाही धजत नाही.

व्यायामाचं माप दुखण्यावरून ठरवू नये. तीन दिवस जमेल तेवढं चालायचं, सरासरी काढायची, तिच्या ८० टक्क्यांपासून सुरुवात करायची. सरासरी २० मिनिटं आली तर १६ मिनिटं. पुढे ठरल्याप्रमाणे वाढ. बरं वाटलं म्हणून दुप्पट नाही, थोडं दुखलं म्हणून बंद नाही. नेमकी इथेच गाडी अडते, कारण चांगल्या दिवशी माणूस सगळं काम उरकतो आणि पुढचे चार दिवस आडवा होतो. उचलण्याचा सरावही असाच: कंबरेच्या उंचीवरच्या टेबलावरून पाच किलोचा क्रेट, दहा वेळा. वजन आधी वाढवायचं, जमिनीपासून उचलणं सगळ्यात शेवटी. झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून ताठरतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळावं. पहाटे गाडी खाली करणाऱ्यांनी हे विशेष सांभाळावं. कंबरेला पट्टा बांधल्याने दुखणं टळतं, असा भक्कम पुरावा नाही.

तरीही निम्मा उपचार गोदामातच होतो. कॅनडातल्या शेरब्रुक इथे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दवाखान्यातल्या उपचारांना कामाच्या जागेतल्या बदलांची जोड दिली. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कामगार नियमित कामावर सुमारे २.४ पट वेगाने परतले.

आपल्याकडे डॉक्टर चिठ्ठीवर ‘हलकं काम द्यावं’ एवढंच लिहितात. मुकादमाला त्यातून काहीच कळत नाही. लिहायला हवं ते असं: ‘दोन आठवडे फक्त कंबर ते छातीच्या उंचीवरचा माल, १५ किलोपर्यंत, ताशी २० वेळा, वळायचं ते पाय हलवून.’ थप्पीचे मधले थर कामावर परतलेल्या हमालाला, खालचे दोन थर दुसऱ्या कोणाला. जिथे वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, गोणीमागे ठरते आणि हमालांच्या टोळीत वाटली जाते, तिथे त्याचा कमी पडलेला माल टोळीच्या खिशातून जाणार. तेव्हा या दोन आठवड्यांचा वाटा कसा धरायचा, हे टोळी आणि मालकाने तो परतण्याच्या आधीच ठरवावं. नाहीतर तिसऱ्या दिवशी तो लाजेपोटी खालच्या थराला हात घालतो.