खेडची सीट गेली कुठे? कोकणातल्या मतदारसंघांचं साधं गणित

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडचं नाव आज विधानसभेच्या यादीत शोधलंत तर मिळणार नाही (पुण्याकडचं खेड-आळंदी आहे, ते वेगळं). आणि ही काय जुन्या जमान्यातली गोष्ट नाही, २००४ पर्यंत खेड हा व्यवस्थित चालता-बोलता मतदारसंघ होता, शिवसेनेचे रामदास कदम १९९० पासून तिथून सलग निवडून येत होते, शेवटी शेवटी तर विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. २००९ ची निवडणूक आली आणि मतदारसंघच गायब! तालुका आहे, स्टेशन आहे, जगबुडी नदी आहे, फक्त सीट नाही. तालुक्याचा एक तुकडा दापोलीला जोडला, दुसरा गुहागरला.

मग कदम गेले गुहागरला. पण युतीत गुहागर भाजपचं, नातूंचं घर तिथलं. जागा शिवसेनेला सुटली म्हटल्यावर डॉ. विनय नातू बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले, युतीची मतं फाटली आणि राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. तेव्हा नाक्यानाक्यावर चर्चा काय, तर कोणी कोणाला पाडलं, कोणी आतून कोणाचं काम केलं. सगळं खरं असेल हो, पण या भांडणाची सुरुवात झाली ती एका भागाकारातून, आणि त्या भागाकाराकडे फारसं कोणी बघत नाही म्हणून हा लेख.

तर भागाकार असा. महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २८८, १९७८ च्या निवडणुकीपासून तेवढ्याच आहेत. राज्याची लोकसंख्या भागिले २८८ केलं की एका आमदारामागे किती माणसं ते कळतं. २००१ च्या जनगणनेत राज्य ९ कोटी ६८ लाख ७८ हजारांचं होतं, म्हणजे एका जागेला साधारण ३ लाख ३६ हजार. आता रत्नागिरी जिल्हा घ्या, १६ लाख ९६ हजार ७७७. भागा. उत्तर येतं ५.०४. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५, उत्तर २.५८. पूर्णांक केला की पाच आणि तीन. आणि आज बरोबर तेवढ्याच जागा आहेत, रत्नागिरीत दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी, राजापूर आणि सिंधुदुर्गात कणकवली, कुडाळ, सावंतवाडी.

आधी किती होत्या? रत्नागिरीत सात, सिंधुदुर्गात चार, एकूण अकरा. खेड आणि संगमेश्वर गेलं, खाली देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावं गेली, कणकवली आणि कुडाळ ही नावं आली. तर हे अकरा कुठनं आले होते? तोच भागाकार, फक्त १९७१ च्या आकड्यांवर. तेव्हा राज्य ५ कोटी ४ लाखांचं, म्हणजे जागेमागे पावणेदोन लाख माणसं. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेलाच नव्हता (तो १ मे १९८१ चा), सगळा मिळून रत्नागिरी जिल्हा सुमारे १९ लाख ९० हजार. भागून बघा, ११.३७ येतं. म्हणजे १९७१ ला अकरा बरोबर होत्या आणि २००१ ला आठ बरोबर होत्या. कोणी कोकणाच्या जागा चोरल्या वगैरे जे व्हॉट्सॅपवर फिरतं त्यात तथ्य नाही.

मग झालं काय? लोकसंख्या घटली म्हणावं तर तसंही नाही, निदान त्या तीस वर्षांत तरी नाही. दोन्ही जिल्हे मिळून १९.९ लाखांचे साडेपंचवीस लाख झाले, म्हणजे तीसेक टक्के वाढ झालीच की. पण त्याच काळात सगळा महाराष्ट्र जवळपास दुप्पट झाला, ९२ टक्के. आपण चालत होतो, बाकीचे धावत होते. आणि बाकीचे म्हणजे तरी कोण, त्यातले कितीतरी आपलेच की! गिरणीत गेलेला, गोदीत गेलेला, नंतर डोंबिवली-नालासोपारा-विरारला खोली घेतलेला आपला चाकरमानी. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्यात पूर्वी १३ जागा होत्या, नव्या फेररचनेत त्या २४ झाल्या. ठाण्याची २००१ ची लोकसंख्या ८१ लाख ३१ हजार, भागून बघितलं तर २४.१७, परत हिशेब चोख. खेडची सीट कुठे गेली म्हणाल तर ठाणे-कल्याणच्या दिशेने गेली, तिथलीच माणसं जिथे गेली त्याच वाटेने.

याचा पुरावा जनगणनेतच आहे. २०११ ला रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, सिंधुदुर्गात १०३६, आणि राज्याची सरासरी ९२९. आता कोकणात मुली जास्त जन्माला येतात असं काही नाही, पुरुष मुंबईला मोजले गेले, बस. जनगणनेत माणूस तो नेहमी राहतो तिथे धरला जातो, गावच्या घरावर त्याच्या नावाची पाटी असली तरी.

आता एक घटनेतला मुद्दा, तो कोरडा आहे पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली, म्हणजे ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट केलं त्यांच्या जागा कमी होऊ नयेत म्हणून. २००१ ला ही मुदत आणखी वाढवली, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. राज्याला एकूण किती जागा ते गोठलेलं, पण राज्याच्या आतल्या रेषा मात्र २००३ च्या दुरुस्तीने २००१ च्या आकड्यांवर नव्याने आखायला मोकळीक दिली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने ते काम केलं आणि २००८ ला नवे मतदारसंघ लागू झाले. थोडक्यात, महाराष्ट्राचे २८८ हलले नाहीत, पण महाराष्ट्राच्या आत कोकणाचे हलले.

रेषा आखताना कायदा सांगतो की मतदारसंघ शक्यतो सलग आणि आटोपशीर असावा, नद्या-डोंगर, तालुक्याच्या हद्दी, रस्ते, लोकांची सोय हे सगळं बघावं. कोकणात हे म्हणजे डोक्याला ताप, कारण नद्या सह्याद्रीतून निघून पश्चिमेला जातात, मधे खाड्या, आणि पलीकडचं गाव डोळ्यांना दिसत असतं पण गाडीने जायचं तर अर्धा तालुका फिरून या. कणकवली मतदारसंघात देवगडचा समुद्रही आहे आणि घाटाच्या पायथ्याची वैभववाडीही. हापूसवाला बागायतदार आणि घाटाखालचा शेतकरी, दोघांचा आमदार एक. लोकसभेला तर आणखी मजा, जुना राजापूर मतदारसंघ, जिथून बॅ. नाथ पै आणि मग मधू दंडवते निवडून जायचे, तो बंदच झाला, आणि गुहागर-दापोलीवाले आता खासदार निवडतात तो रायगडचा! गुहागरच्या माणसाला अलिबागचं काय पडलंय, पण आकडा जुळला पाहिजे ना.

आता एका मतदारसंघात नीट शिरू या, कारण तिथे इतिहासाने नकळत एक प्रयोगच करून ठेवलाय. मालवण, आणि २००८ नंतरचा कुडाळ (मुख्यतः कुडाळ आणि मालवण तालुके). दोन्ही एकच नाहीत, हद्दी बदलल्या आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

निवडणुकीत कायम वाद असतो की मत माणसाला पडतं की चिन्हाला. दोन्ही एकत्रच येतात त्यामुळे वेगळं काढता येत नाही. प्रयोगशाळेत काय करतात, एकच गोष्ट बदलतात आणि बाकी सगळं तसंच ठेवतात. मालवणात २००५ ला साधारण हेच झालं. नारायण राणे १९९०, १९९५, १९९९, २००४ असे चार वेळा शिवसेनेतून, धनुष्यबाणावर निवडून आले, मधे १९९९ ला काही महिने मुख्यमंत्रीही झाले. २००५ ला सेना सोडून काँग्रेसमधे गेले, राजीनामा दिला, पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ तोच, माणूस तोच, मतदार जवळपास तेच, मधे फक्त एक वर्ष. बदललं फक्त चिन्ह. निकाल? राणे मोठ्या फरकाने आले आणि सेनेचे परशुराम उपरकर यांचं डिपॉझिट जप्त झालं. डिपॉझिट जप्त म्हणजे एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही मिळाली नाहीत, साधारण १६.७ टक्क्यांच्या आत.

झालं, सगळे म्हणाले मत माणसाचं असतं, चिन्हाचं नाही. पण थांबा जरा. पोटनिवडणूक ही काही स्वच्छ प्रयोग नसते, सत्ताधारी पक्षाचा मंत्री उभा असेल तर लोक वेगळा विचार करतात, आणि सगळ्या राज्याचं लक्ष एकाच जागेवर असतं. पुढचे निकाल बघा. २००९ ला नव्या कुडाळात राणे हाताच्या पंजावर जिंकले, समोर धनुष्यबाणावर वैभव नाईक. २०१४ ला तेच दोघे, तीच चिन्हं, तोच मतदारसंघ, आणि नाईक ७०,५८२, राणे ६०,२०६. उलटलं! २०१९ ला नाईक धनुष्यबाणावर परत आले, समोर राणेंच्या पाठिंब्याचे अपक्ष रणजित देसाई. आणि २०२४ ला चिन्हांचीच अदलाबदल, धनुष्यबाण शिंदे यांच्या सेनेकडे, तो निलेश राणेंच्या हातात, आणि नाईक मशालीवर. निलेश राणे ८१,६५९, नाईक ७३,४८३.

आता वही घ्या आणि मांडा. राणे घराणं आणि धनुष्यबाण एका बाजूला असताना, म्हणजे १९९०, ९५, ९९, २००४ आणि २०२४, पाचही वेळा जिंकले. दोघं समोरासमोर आले ते २००५, २००९, २०१४ आणि २०१९ ला, शेवटच्या वेळी घराणं स्वतः नव्हतं, पाठिंबा होता. हिशेब दोन-दोन. बरोबरी! म्हणजे एवढ्या सगळ्या चर्चेनंतर आकडे म्हणतात की माणूसही महत्त्वाचा, चिन्हही महत्त्वाचं, आणि चार निकालांवरनं कोणाचं वजन जास्त ते ठरवता येत नाही. चार हा फारच छोटा नमुना आहे, नाणं चार वेळा उडवलं तरी दोन-दोन पडू शकतं. ‘आमच्याकडे फक्त माणूस चालतो’ असं ठासून सांगणाऱ्याला २०१४ विचारा आणि ‘फक्त बाण चालतो’ म्हणणाऱ्याला २००५ विचारा. माझं स्वतःचं मत असं की २०१४ ला सगळ्या राज्यातच वारं फिरलेलं होतं, युती आणि आघाडी दोन्ही तुटून चार मोठे पक्ष वेगवेगळे लढले, त्यामुळे त्या निकालातून कुडाळपुरता निष्कर्ष काढणं जरा घाईचंच.

आणि लीड म्हणून जो आकडा आपण ऐकतो तोही फसवतो. २०२४ चं लीड ८,१७६. ऐकायला मोठं वाटतं, पण एका माणसाने इकडचं मत तिकडे दिलं की फरक दोनाने बदलतो, एक इकडचं कमी आणि एक तिकडचं जास्त. म्हणजे ४,०८९ जणांनी दुसरं बटण दाबलं असतं तर निकाल उलटा. दोघांची मिळून दीड लाखावर मतं होती, त्यातले हे चार हजार, शंभरात तीनसुद्धा नाहीत. एवढी माणसं तर चार-पाच मोठ्या वाड्यांचं एकमत झालं तरी हलतात. शेजारच्या कणकवलीत २००९ ला तर प्रमोद जठार फक्त ३४ मतांनी आले, तिथे १८ जणांचा मूड बदलला असता तर दुसरा आमदार. अठरा! रातराणीच्या एका गाडीत याच्या दुप्पट माणसं बसतात, त्यामुळे मतदानाच्या आधी मुंबईहून गाड्या कोण भरतं याची एवढी चौकशी का होते ते समजून घ्या.

आणि या गाड्यांमुळेच कोकणाचं गणित बाकीच्यांपेक्षा वेगळं पडतं. जागा ठरतात जनगणनेच्या डोक्यांवर, मतं पडतात मतदार यादीतल्या नावांवर, आणि आपल्याकडे ही दोन्ही एकच माणसं नसतात. चाकरमानी मोजला जातो विरारला आणि नाव असतं गावच्या यादीत, कारण रेशनकार्ड गावचं, मन गावचं, देवाचा मान गावचा. कायदा खरं तर स्पष्ट आहे, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे जिथे सामान्यतः राहता तिथेच नाव हवं, गावात नुसतं घर आहे म्हणून चालत नाही, आणि दोन मतदारसंघांत तर नाव असूच शकत नाही. पण त्याच कायद्यात असंही आहे की तात्पुरतं बाहेर गेलं म्हणून राहणं संपत नाही. आता तीस वर्षं मुंबईत राहून दर गणपतीला येणारा माणूस तात्पुरता बाहेर आहे की कायमचा, हे त्याच्या आईला विचारलंत तर ती एक सांगेल आणि यादीवाला दुसरंच सांगेल.

आता पुढचं. २००१ ते २०११ मधे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे नुसते मागे राहिले नाहीत, खरोखर घटले, रत्नागिरी १६ लाख १५ हजारांवर आला, सिंधुदुर्ग साडेआठ लाखाच्या खाली गेला. राज्यात त्या दशकात घटलेला तिसरा जिल्हा एकच, मुंबई शहर. २०११ च्या आकड्यांवर तोच भागाकार केला तर एका जागेला ३ लाख ९० हजार माणसं, रत्नागिरी ४.१४, सिंधुदुर्ग २.१८. म्हणजे चार आणि दोन. अकराच्या आठ झाल्या, आठाच्या सहा. २८८ चा आकडाच वाढवला तर एवढं जाणार नाही कदाचित, पण राज्यातला आपला वाटा तर घसरणारच, कारण भागाकारात वरचा आकडा आपला आहे आणि तो वाढत नाही. सिंधुदुर्गाला गेल्या वेळी २.५८ चे तीन मिळाले, म्हणजे गोळाबेरजेत आपला फायदा झाला होता, तिथे एका आमदारामागे सरासरीपेक्षा १४ टक्के कमी माणसं होती. २.१८ ला तसं नशीब नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. शिमगा त्यानंतर तीनेक आठवड्यांनी. अर्थात पालखीच्या दिवशी मोजायला आले असते तरी फरक पडला नसता, कारण गणक विचारणार ‘नेहमी राहता कुठे’, आणि त्याचं खरं उत्तर नालासोपारा पूर्व हेच आहे.