पार्श्वभूमी : शेततळ्याचे अनुदान आणि ‘इनलेट’चा घोळ

महाराष्ट्रात मृदसंधारणावर सरकारी पैसा खर्च होऊ लागला तो बांधबंदिस्तीपासून. त्याचा पाया १९४२च्या जमीन सुधारणा योजना कायद्याने घातला. १९७२च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीत समपातळी बांध, नालाबांध, पाझर तलाव निघाले ते मुख्यतः हाताला काम म्हणून. हिशेब मनुष्यदिवसांचा होता. पाणी किती अडले हे विचारणारे थोडेच. १९८३पासून पाणलोटाचा, म्हणजे एका ओढ्याला पाणी देणाऱ्या सगळ्या रानाचा, एकत्र विचार सुरू झाला, १९९२मध्ये जलसंधारणाचे वेगळे खाते झाले. शेततळे या सगळ्यात होते, पण कडेला.

पाणलोटातले ते शेततळे म्हणजे शेताच्या सखल कोपऱ्यातला खड्डा. वरच्या रानातून वाहून येणारे पाणी इनलेटमधून आत, त्याआधी गाळ बसायला छोटा खड्डा, आणि जास्तीचे पाणी दगड बसवून पक्क्या केलेल्या आऊटलेटमधून बाहेर. अस्तर नाही. मुरमात ते पाझरून विहिरीला लागते, काळ्या रानात टिकून राहते. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की सोयाबीनला किंवा कपाशीला एक पाणी देता यावे, एवढाच त्याचा हेतू.

२००५-०६मध्ये फलोत्पादन अभियान आले आणि सामूहिक शेततळ्यांना भरघोस अनुदान मिळू लागले. ही तळी प्लास्टिकच्या अस्तराची. काम उलटे : पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत विहिरीला पाणी असते तेव्हा ते उपसून साठवायचे आणि एप्रिल-मेमध्ये ठिबकने द्राक्ष, डाळिंब, मोसंबीला द्यायचे. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा जळाल्या, त्यानंतर या तळ्यांची ओढ आणखी वाढली. बागायतदाराचे गणित चुकीचे नव्हतेच. पण पाणी अडवणारा खड्डा आणि उपसलेले पाणी ठेवणारी टाकी यांना कागदोपत्री एकच नाव पडले : शेततळे.

फेब्रुवारी २०१६च्या ‘मागेल त्याला शेततळे’ने हा घोळ पक्का केला. त्यात आकारमाने दोन गटांत दिली होती : इनलेट-आऊटलेटसह आणि इनलेट-आऊटलेटविरहित. कमाल आकार ३० × ३० × ३ मीटर, अनुदान जास्तीत जास्त ५०,००० रुपये, जमीन किमान ०.६० हेक्टर. ‘विरहित’ या एका शब्दावर खरा वाद व्हायला हवा होता. ज्या तळ्याला पाणी आत यायला वाटच नाही, त्यात तोंडावर पडणारा पाऊस सोडला तर येणार ते पंपानेच. दुष्काळनिवारण म्हणून जाहीर झालेल्या योजनेत भूजल उपसून उन्हात ठेवण्याला अशी मान्यता मिळाली. बाष्पीभवन रोजचे ८ मिलिमीटर धरले तरी ९०० चौरस मीटरच्या भरल्या तळ्यातून दिवसाला सुमारे ७,२०० लिटर पाणी उडते. जमिनीखाली होते तेव्हा हे नुकसान नव्हते. शिवाय विहिरीतले पाणी एकट्याचे नसते. ज्याचा पंप आधी चालतो त्याचे तळे भरते आणि शेजारच्याची विहीर डिसेंबरातच तळ गाठते. भूजल कायदा २०१४मध्ये अमलात आला होता, त्यात ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहिरींवर बंधन आहे. उपसून तळ्यात भरण्याकडे मात्र दुर्लक्षच झाले.

दुसरा बदल कमी बोलला गेला. रोजगार हमीत यंत्र चालत नाही आणि मजुरी-साहित्याचे प्रमाण ६०:४० राखावे लागते, त्यामुळे तीन मीटर खोलवरून घमेल्याने माती काढणे रखडायचे. २०१६च्या योजनेत पोकलेन हे खोदाईचे यंत्र चालले, अट फक्त तीन महिन्यांत काम पुरे करण्याची. आधी खर्च शेतकऱ्याचा, मोजणीनंतर पैसे बँक खात्यात.

मोजणीतच जास्त केसेस अडकतात. बाजूंना १:१ उतार (एक मीटर खोलीला एक मीटर आडवे) धरला तर ३० × ३० × ३चा तळ २४ × २४ येतो आणि साठा २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. पाच सेंटिमीटर पाण्याची सिंचनाची एक पाळी चार हेक्टरांना पुरते. काळ्या मातीत १.५:१ उतार हवा, मग साठा १,९७१ घनमीटरवर येतो. पोकलेनवाला तासावर काम करतो, तो भिंती उभ्याच काढतो. पहिल्याच मोठ्या पावसात त्या फुगून तळात बसतात. माती काठाला चिकटून टाकली तरी तेच होते. खड्डा आणि काढलेल्या मातीचा भराव यांत किमान एक मीटरची मोकळी पट्टी हवी. पट्टी आणि भराव धरून नऊ गुंठ्यांचे तळे पंधरा-सोळा गुंठे खाते. किमान पात्रतेच्या साठ गुंठ्यांतला हा चौथा हिस्सा.

अस्तर २०१६च्या योजनेत स्वखर्चाने होते. या मापाच्या तळ्याला, काठाच्या चरात दाबायचा भाग धरून, साधारण १,२०० चौरस मीटर, ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) प्लास्टिकचा कागद लागतो. ढेकळे आणि मुळे न काढता अंथरला की पाण्याच्या वजनाने फाटतो. काठाच्या चरात दाबला नाही तर वाऱ्याने उचलतो. ओल्या कागदावरून पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, म्हणून कुंपण आणि गाठी मारलेले दोर चारही बाजूंना सोडायलाच हवेत.

कोविडच्या काळात निधी आटला. २०२२पासून वैयक्तिक शेततळे मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेखाली आले, मर्यादा ७५,००० रुपयांवर गेली, अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. इनलेटसह आणि इनलेटविरहित असे दोन्ही प्रकार अजून यादीत आहेत.